मृगाच्या तीनशे फ्रेम

ट्रॅकर (कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरवणारं उपकरण) नसताना, साध्या ट्रायपॉडवरून, ५० मिमीच्या स्वस्त लेन्सने मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो काढता येतो, आणि तो चांगला येतो. चार-चार सेकंदांचे तीनशे फोटो घ्यायचे, मग संगणकावर ते तारे जुळवून एकावर एक बसवायचे आणि त्यांची सरासरी काढायची. यालाच स्टॅकिंग म्हणतात. हिवाळ्यातल्या अमावास्यांना आम्ही भंडारदऱ्याच्या परिसरात हे करतो. पुढचे आकडे त्याच कामातले आहेत: २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरचा कॅमेरा (पिक्सेलची रुंदी ३.९ मायक्रॉन), ५० मिमी एफ/१.८ लेन्स, ट्रायपॉड आणि इंटरव्हलोमीटर (ठरावीक वेळाने आपोआप फोटो घेणारं उपकरण). तुमचा कॅमेरा वेगळा असेल तर आकडे बदलतील, हिशोब तोच राहील.

एक गोष्ट आधी नीट समजली की बाकीचे बरेच निर्णय सोपे होतात. फोटोतला दाणेदारपणा, म्हणजे नॉइज, दर फ्रेममध्ये वेगळा पडतो. तारा मात्र, फ्रेम जुळवून घेतल्यावर, त्याच जागी असतो. म्हणून सरासरी घेतली की नॉइज फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाप्रमाणे उतरतो: ४ फ्रेमना निम्मा, १६ फ्रेमना पाव, १०० फ्रेमना दहावा हिस्सा, ३०० फ्रेमना साधारण सतरावा हिस्सा. पण हा नियम फ्रेमगणिक बदलणाऱ्या चुकीपुरताच आहे. बिघडलेला फोकस, लेन्सवरचं दव, सेन्सरवरची धूळ, कोपऱ्यांतला काळोख या चुका प्रत्येक फ्रेममध्ये तशाच असतात, त्यामुळे सरासरीतही तशाच राहतात. नॉइज निघून गेल्यावर तर त्या आणखी उठून दिसतात. मैदानावरचं बहुतेक काम या न बदलणाऱ्या चुका आवरण्याचं आहे. ‘पुढे सॉफ्टवेअर बघून घेईल’ या भरवशावर सोडलेली गोष्ट पुढे नडतेच.

मृग का, तर महाराष्ट्रातून तो फार सोयीचा आहे. आकाशगंगेचा धनू राशीतला भरगच्च भाग मध्यरात्री सर्वांत उंच येतो तो जूनच्या मध्यात, म्हणजे नेमका पावसाळ्यात. मृग मध्यरात्री दक्षिणोत्तर रेषेवर येतो डिसेंबरच्या मध्यात, जेव्हा दख्खनचं आकाश कोरडं असतं. आपल्याकडे तो उंचही चढतो: १९ अंश अक्षांशावरून एम ४२ हा तेजोमेघ क्षितिजापासून सुमारे ६५ अंशांवर जातो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे, त्यामुळे सह्याद्रीत घड्याळाप्रमाणे अर्ध्या तासाहून थोडा जास्त उशीर धरावा लागतो. डिसेंबरच्या मध्याला मृग साडेबाराच्या सुमारास सर्वांत उंच असतो, जानेवारीच्या मध्याला साडेदहाला, फेब्रुवारीच्या मध्याला साडेआठला. या वेळेच्या दीड तास आधी सुरू करून दीड तास नंतर थांबायचं. त्याहून खाली गेलं की हवेचा जाड थर, गावातल्या शेकोट्यांचा धूर आणि लांबच्या शहरांचा उजेड, सगळं एकदम आडवं येतं.

चंद्राचा हिशोब पंचांगावरून होतो. वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणजे संध्याकाळपासून तोवर आकाश मोकळं. तिथपासून शुद्ध तृतीयेपर्यंतच्या रात्री कामाच्या. सूर्य मावळल्यावर संधिप्रकाश पूर्ण जायला आपल्या अक्षांशावर साधारण सव्वा तास लागतो. त्या वेळात ट्रायपॉड लावणं आणि फोकस करणं उरकून घ्यावं.

जागेबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण लोक लेन्सवर हजारो रुपये घालतात आणि शहराच्या कडेला उभे राहतात. आकाशाचा काळोख मोजायला जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेली नऊ पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात; १ म्हणजे निखळ अंधार, ९ म्हणजे महानगराचा मध्यभाग. त्यापेक्षा नेमकं माप म्हणजे आकाशाची पार्श्वभूमी दर चौरस आर्कसेकंदाला (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) किती प्रतीची आहे हे; प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. चांगल्या ग्रामीण आकाशाला २१.५ आणि शहराच्या कडेला १८.५ धरली, तर फरक तीन प्रतींचा, म्हणजे उजेड जवळजवळ १६ पट. फिकट तेजोमेघासाठी याचा अर्थ सरळ आहे: अंधाऱ्या जागी एका तासात मिळणारा दर्जा शहराच्या कडेला मिळवायला सोळा तास लागतील. स्टॅकिंगने प्रकाशप्रदूषणावर मात होते हे खरं, पण किंमत ही अशी आहे. भंडारदऱ्याला उत्तरेकडे नाशिकची आणि पश्चिमेकडे मुंबईच्या पट्ट्याची प्रभा दिसते. मृग दक्षिणेकडे चढतो, म्हणून तिथे तो सापडतो. विदर्भातल्या वाचकांना याहून चांगलं आकाश जवळ आहे: नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्कस्काय इंटरनॅशनल या अंधारं आकाश जपणाऱ्या संस्थेची मान्यता मिळाली, आणि भारतातलं ते पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं.

आता एक्स्पोजर. पृथ्वी फिरते म्हणून तारे सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतात, आणि खगोलीय विषुववृत्ताजवळ हा वेग सर्वांत जास्त जाणवतो. मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन तारकांपैकी मिंटाका जवळजवळ विषुववृत्तावरच आहे, तेव्हा इथे सवलत नाही. बहुतेकांना ठाऊक असलेला ५०० चा नियम (५०० भागिले फोकल लेंग्थ, ती क्रॉपमुळे दीडपट धरून) ५० मिमीला जवळजवळ पावणेसात सेकंद देतो. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर पावणेसात सेकंदांत तारे स्पष्ट रेघा होतात. हा नियम फिल्मच्या काळातला, पिक्सेलचा आकार त्यात येतच नाही. आम्ही एनपीएफचं सूत्र वापरतो: ॲपर्चरच्या आकड्याला ३५ ने गुणायचं, पिक्सेलच्या मायक्रॉनना ३० ने गुणायचं, दोन्हींची बेरीज फोकल लेंग्थने भागायची. एफ/२.५ आणि ३.९ मायक्रॉनला (८७.५ + ११७) ÷ ५० = ४.०९. म्हणून ४ सेकंद. या लेन्सवर एक पिक्सेल साधारण १६ आर्कसेकंदांचा होतो, तेव्हा चार सेकंदांत तारा पावणेचार पिक्सेल सरकतो. पूर्ण मोठं करून पाहिलं तर किंचित लांबट दिसतो, चित्रात ते खटकत नाही. तुम्हाला खटकलं तर ३.२ सेकंदांवर या.

ॲपर्चर एफ/१.८ ला उघडं ठेवण्याचा मोह होतो. त्या लेन्सवर कोपऱ्यांतले तारे पंख पसरलेल्या पक्ष्यासारखे होतात आणि तेजस्वी ताऱ्यांभोवती जांभळी कड येते. ही न बदलणारी चूक आहे, सरासरीने जात नाही. एफ/२.५ ला प्रकाश जवळजवळ निम्मा होतो, पण तारे जागेवर येतात. गमावलेला प्रकाश फ्रेम वाढवून भरून काढता येतो, बिघडलेला तारा नीट करता येत नाही.

आयएसओ ३२००. लांब एक्स्पोजर देणारे लोक ८०० किंवा १६०० सांगतात, ते त्यांच्यापुरतं बरोबर आहे. आपल्या फ्रेम छोट्या आहेत. प्रत्येक फ्रेम वाचताना सेन्सर स्वतःचा थोडा नॉइज मिसळतो, त्याला रीड नॉइज म्हणतात, आणि तो तीनशे वेळा मिसळला जातो. अंधाऱ्या आकाशात चार सेकंदांत पिक्सेलवर इतका थोडा प्रकाश पडतो की रीड नॉइज त्याच्या बरोबरीला येतो. बहुतेक सेन्सरवर आयएसओ वाढवलं की रीड नॉइज उतरतो. म्हणून ४ सेकंदांच्या ३०० फ्रेम आणि ट्रॅकरवरची २० मिनिटं यांची एकूण वेळ सारखी असली तरी दर्जा सारखा नसतो. छोट्या फ्रेम थोड्या मागे पडतात. खूण म्हणून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहावा: त्याचा उंचवटा डाव्या भिंतीपासून सुटलेला दिसला पाहिजे. भिंतीला चिकटला असेल तर फिकट भाग कायमचा गेला.

कॅमेऱ्यात हे सगळं बंद करायचं: ऑटोफोकस, इमेज स्टॅबिलायझेशन, हाय आयएसओ नॉइज रिडक्शन, लेन्सच्या कोपऱ्यांची दुरुस्ती, आणि विशेषतः लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन. शेवटचं चालू राहिलं तर कॅमेरा दर फोटोनंतर तेवढाच वेळ काळा फोटो घेत बसतो आणि अर्धी रात्र त्यात जाते. फाइल रॉ हवी. जेपीजीमध्ये चित्र ८×८ पिक्सेलच्या चौकटींत दाबलं जातं, फिकट छटा तिथेच पुसल्या जातात, आणि पुसलेलं कितीही फ्रेम जोडल्या तरी परत येत नाही. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवून सोडून द्यावा.

फोकसला जितका वेळ द्यावा तितका थोडा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नये. ऑटोफोकसच्या बहुतेक लेन्स त्या खुणेच्या पुढेही फिरतात. लाइव्ह व्ह्यू लावून व्याधाचा तारा मध्यावर आणायचा, १० पट मोठा करायचा आणि रिंग अगदी हळू फिरवत तो सर्वांत लहान ठिपका होईपर्यंत यायचं. एकदा पलीकडे जाऊन परत यावं, म्हणजे सर्वांत लहान कुठे होता ते कळतं. मग फिकट तारे पाहावेत: फोकस साधला की स्क्रीनवर आधी नसलेले तारे उमटतात. बाहतिनोव मास्क (लेन्सपुढे लावायची चिरांची चकती) असेल तर काम पक्कं होतं. रशियातले हौशी खगोलप्रेमी पावेल बाहतिनोव यांनी तो २००५ मध्ये काढला. त्याच्या चिरांमुळे ताऱ्याभोवती तीन रेघा दिसतात, मधली रेघ बाकी दोघींच्या बरोबर मध्ये आली की फोकस झाला. ५० मिमीसाठी रेघा लहान दिसतात, म्हणून चाचणीचा १० सेकंदांचा फोटो काढून मोठा करून पाहावा. फोकस झाल्यावर रिंगवर कागदी चिकटपट्टी लावायची. रात्र गार होत जाते तशी लेन्स आकसते, म्हणून दर अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा तपासायचं.

ट्रायपॉड खडकावर किंवा कातळावर उभा करावा. भाताच्या कापलेल्या खाचरात माती मऊ असते, पाय हळूहळू रुततात. मधला दांडा वर काढायचा नाही. मृग उंच असल्याने कॅमेरा जवळजवळ आकाशाकडे तोंड करून असतो आणि हलक्या प्रतीचं बॉलहेड वजनाने घसरतं; घट्ट केल्यावर एक मिनिट थांबून चौकट हलली का ते पाहावं. दांड्याला पिशवी लटकवायची असेल तर ती जमिनीला टेकलेली असावी, नाहीतर वाऱ्यावर झुलून तीच कॅमेरा हलवते.

चौकट उभी धरावी. मृग दक्षिणोत्तर रेषेवर असताना बीटलज्यूस हा तारा वर आणि राजन्य (रायजेल) खाली असतो, दोघांत सुमारे १९ अंशांचं अंतर. या लेन्सची चौकट क्रॉप सेन्सरवर साधारण २६ गुणिले १८ अंशांची आहे, तेव्हा अख्खा मृग मावतो. आकाश आपल्या उजवीकडे, पश्चिमेला सरकतं, म्हणून सुरुवातीला बाणाच्या तीन तारका मध्यापासून किंचित डावीकडे ठेवायच्या.

इंटरव्हलोमीटर लावताना एक ठिकाण नडतं. काही उपकरणांत ‘इंटरव्हल’ म्हणजे एका फोटोच्या सुरुवातीपासून पुढच्या फोटोच्या सुरुवातीपर्यंतचा काळ, काहींत दोन फोटोंमधली मोकळी वेळ. पहिल्या प्रकारात ४ सेकंदांचं एक्स्पोजर आणि ४ चा इंटरव्हल दिला तर कॅमेरा एकाआड एक फोटो गाळत जातो. पहिल्या प्रकारात ५ द्यावा, दुसऱ्यात १. चालू केल्यावर पहिली दहा फ्रेम उभं राहून मोजावीत.

तीनशे फ्रेम एका दमात घ्यायच्या नाहीत. ६० फ्रेमची एक खेप, ती पाच मिनिटांत होते आणि तेवढ्यात आकाश सव्वा अंश सरकतं, म्हणजे सुमारे २८० पिक्सेल. खेप संपली की चौकट पुन्हा बसवायची, पण तंतोतंत त्याच जागी नाही: एकदा थोडी वर, एकदा थोडी खाली, एकदा किंचित तिरकी. अशा पाच खेपा. कारण असं की सेन्सरचे काही पिक्सेल नेहमी जास्त उजळ असतात, काही नेहमी मंद. तारे जुळवले की ही कायमची नक्षी ताऱ्यांच्या उलट्या दिशेने सरकत जाते, आणि सगळ्या फ्रेम एकाच दिशेने सरकल्या असतील तर पार्श्वभूमीवर रंगीत ओरखडे उमटतात. याला वॉकिंग नॉइज म्हणतात. अंतिम चित्र ताणल्यावरच (फिकट भाग उजळल्यावरच) तो दिसतो, तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. चौकट वेगवेगळ्या दिशांना हलवली की न बदलणारी चूक फ्रेमगणिक बदलणारी होते आणि सरासरी तिला गिळते. इतक्या साध्या गोष्टीने इतका फायदा होतो की आम्ही डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेल्या) एक वेळ कमी घेऊ, पण हे सोडत नाही.

धरणाच्या कडेला दव हा सर्वांत मोठा शत्रू. लेन्सची काच आकाशाकडे उष्णता सोडत हवेपेक्षाही गार होते आणि तिच्यावर पाणी धरतं. सुरुवातीला स्क्रीनवर कळत नाही. ताऱ्यांभोवती मऊ वलय येतं, फिकट तारे नाहीसे होतात. पुसून उपयोग नाही, पाच मिनिटांत पुन्हा येतं, शिवाय पुसताना फोकस हलतो. यूएसबीवर चालणारी हीटरची पट्टी लेन्सच्या पुढच्या कडेला गुंडाळावी आणि काम सुरू होण्याआधीच चालू करावी, मंद उष्णतेवर. पट्टी नसेल तर हात गरम ठेवायच्या पुड्या रबरबँडने बांधाव्यात. लेन्सहूड लावाच. प्रत्येक खेपेच्या शेवटी शेवटची फ्रेम मोठी करून पहिलीशी ताडून पाहायची, म्हणजे फार तर एकच खेप वाया जाते.

थंडीत बॅटरी लवकर उतरते, जादा बॅटरी खिशात अंगाजवळ ठेवावी. डोक्यावरचा दिवा लाल आणि मंद. घाटरस्त्यावरून गाडीचा झोत आला तर ती फ्रेम वहीत टिपून ठेवावी, नंतर काढून टाकायला सोपं जातं. विमानं आणि उपग्रह टिपायची गरज नाही, त्यांचा बंदोबस्त पुढे होतो.

आकाशाच्या फ्रेम झाल्या की कॅलिब्रेशनच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या आणि लेन्सच्या चुका दुरुस्त करायला लागणाऱ्या. डार्क फ्रेम: लेन्सला झाकण, व्ह्यूफाइंडरलाही झाकण, तेच आयएसओ, तेच ४ सेकंद, ४० फोटो, आणि त्याच गारव्यात. घरी येऊन खोलीत घेतलेल्या डार्कचं तापमान वेगळं असतं, ते वजा केले तर फायद्यापेक्षा काळे ठिपके जास्त मिळतात. बायस फ्रेम: झाकण तसंच, सर्वांत जलद शटर, ६० फोटो, एका मिनिटाचं काम. यांना तापमानाचं फारसं बंधन नाही.

फ्लॅट फ्रेम लोक टाळतात आणि मग कोपऱ्यांतला काळोख हाताने पुसत बसतात. फ्लॅट म्हणजे सर्वत्र सारख्या उजेडाच्या पृष्ठभागाचा फोटो. त्यात लेन्सचा कोपऱ्यांतला काळोख आणि धुळीच्या सावल्या तेवढ्या उतरतात. फोकस आणि ॲपर्चर आकाशाच्या फ्रेममधलंच हवं, चिकटपट्टी काढायची नाही. लेन्सवर दोन पदरी पांढरा सुती कपडा ताणून बांधायचा, त्यावर टॅबचा पांढरा स्क्रीन ठेवायचा, उजेड अगदी कमी करायचा. आयएसओ तेच ठेवलं तर वरच्याच बायस फ्रेम इथेही चालतात. ॲपर्चर प्रायॉरिटीवर शटर १/३० किंवा त्याहून मंद येईपर्यंत उजेड कमी करावा किंवा कपड्याचे पदर वाढवावेत. जलद शटरला स्क्रीनची लुकलुक पट्ट्यांच्या रूपाने येते. हिस्टोग्राम मधोमध आला की ३० फोटो, मधूनमधून टॅब फिरवत.

घरी पहिलं काम निवड. सगळ्या फ्रेम भराभर पाहून हललेल्या, दवाच्या आणि झोताच्या काढून टाकायच्या. दहा-पंधरा टक्के गेल्या तरी दुःख करू नये: ३०० च्या २६० झाल्याने नॉइज सात-आठ टक्केच वाढतो, वाईट फ्रेम मात्र प्रत्येक ताऱ्याला फुगवतात.

स्टॅकिंगसाठी विंडोजवर डीपस्कायस्टॅकर हे सॉफ्टवेअर मोफत आहे. सिरिल मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. खाली झाडं किंवा डोंगर ठेवून रुंद चौकट घेतली असेल तर विंडोजवरचं सिक्वेटर बरं, ते जमीन स्थिर ठेवून आकाश वेगळं जुळवतं. आम्ही सिरिलवर स्थिरावलो आहोत. lights, darks, flats, biases या नावांचे चार फोल्डर करून (ही इंग्रजी नावं स्क्रिप्टला हवी तशीच लागतात) रंगीत कॅमेऱ्याची तयार स्क्रिप्ट चालवली की पहिला स्टॅक मिळतो. आधी डिस्कवरची जागा पाहा. रॉ फाइल २८ एमबी धरली तरी ३०० फ्रेम साडेआठ जीबीत बसतात, पण सिरिल प्रत्येक फ्रेम ३२ बिटांत उलगडतं, म्हणजे २४ दशलक्ष पिक्सेल, तीन रंग, चार बाइट: २८८ एमबी. दुरुस्त केलेल्या आणि जुळवलेल्या अशा दोन प्रती पडतात, तेव्हा १७० जीबीहून जास्त मोकळी जागा लागते. १६ बिटांवर ठेवलं तर निम्मी.

डीपस्कायस्टॅकरमध्ये नवख्यांना हमखास भेटणारा संदेश म्हणजे तीनशेपैकी एकच फ्रेम स्टॅक होईल. फ्रेम जुळवायला त्याला पुरेसे तारे सापडलेले नसतात. ताऱ्यांच्या शोधाची मर्यादा खाली आणत जावं, शंभरेक तारे सापडले की पुरे. हजारो सापडू लागले तर ते नॉइजलाच तारा समजत आहे, थोडं वर जावं.

सरासरी काढायची पद्धत निवडताना साधी सरासरी घेऊ नये. सिग्मा क्लिपिंग घ्यावं: एखाद्या पिक्सेलची किंमत एका फ्रेममध्ये बाकीच्यांपेक्षा फारच वेगळी असेल तर ती गाळून उरलेल्यांची सरासरी निघते. विमानाची आणि उपग्रहाची रेघ एका जागी एकाच फ्रेममध्ये असते, म्हणून पुसली जाते. २०१९ पासून स्टारलिंकच्या माळा आकाशात आल्या तेव्हापासून याचं मोल फार वाढलं आहे. यासाठी निदान पंधरा-वीस फ्रेम हव्यात, पाच-सात फ्रेममध्ये ‘वेगळं’ कोणतं हेच ठरत नाही. मीडियननेही (सगळ्या किमतींमधली मधली किंमत घेऊन) रेघा जातात, पण ३०० फ्रेमच्या मीडियनचा नॉइज साधारण १९० फ्रेमच्या सरासरीइतका असतो. शंभरावर फ्रेम फुकट का घालवायच्या?

स्टॅक उघडला की काळा पडदा दिसतो. काही बिघडलेलं नसतं. माहिती सगळी डावीकडच्या चिंचोळ्या पट्टीत असते. सिरिलमध्ये ऑटोस्ट्रेच हा फक्त दाखवण्याचा प्रकार निवडून पाहावं. कडा कापून टाकाव्यात, कारण तिथे सगळ्या फ्रेम एकमेकींवर आलेल्या नसतात. मग पार्श्वभूमीतला उजेडाचा उतार काढायचा. सॉफ्टवेअर आकाशभर नमुन्याचे ठिपके टाकतं. एम ४२ वरचे, ज्योतीसारख्या फ्लेम तेजोमेघावरचे आणि बाणाच्या पूर्वेकडून कमानीसारख्या जाणाऱ्या बर्नार्ड लूपवरचे ठिपके हाताने काढावेत. नाही काढले तर सॉफ्टवेअर तेजोमेघालाच प्रदूषण समजून वजा करतं. त्यानंतर फोकल लेंग्थ आणि पिक्सेलचा आकार देऊन ताऱ्यांची ओळख पटवायची आणि ताऱ्यांच्या नोंदलेल्या रंगांवरून रंग जुळवायचे. हे सगळं ताणण्याच्या आधी. नंतर केलं तर रंगांचा हिशोब जुळत नाही.

ताणताना घाई नको. एका झटक्यात ताणलं की एम ४२ चा गाभा पांढरा फटक होतो आणि राजन्यचा निळा रंग जातो. लहान लहान तीन-चार पायऱ्यांत, दर वेळी काळ्याची मर्यादा हिस्टोग्रामला न कापता पुढे घ्यावी. पार्श्वभूमी पूर्ण काळी करायची नाही, गडद करडी ठेवायची. धुळीचे फिकट ढग तिथेच असतात. एम ४२ या लेन्सवर सुमारे २४० पिक्सेलचा येतो, त्याचे पंख आणि रंग स्पष्ट दिसतात. बर्नार्ड लूपचा तांबडेपणा मात्र साध्या कॅमेऱ्यात पुसटच राहतो: हायड्रोजनचा तो प्रकाश ६५६.३ नॅनोमीटरचा आणि सेन्सरपुढचा फिल्टर त्यातला बराचसा अडवतो. फिल्टर बदललेला कॅमेरा असेल तरच त्याची अपेक्षा धरावी.

बिघाड कुठला हे ओळखायची सोपी रीत म्हणजे स्टॅक आणि एक सुटी फ्रेम शेजारी ठेवणं. दोन्हींत तारे लांबट असतील तर एक्स्पोजर जास्त झालं. फक्त स्टॅकमध्ये, तेही कोपऱ्यांत, तारे दुहेरी दिसत असतील तर लेन्सच्या वक्रतेमुळे कोपरे जुळलेले नाहीत. खेपांमध्ये चौकट फार लांब हलली असेल तर हे होतं, जुळवणीचा वेगळा प्रकार घेऊन पाहावं. मध्यभाग काळवंडून कोपरे उजळले असतील तर आकाशाच्या फ्रेममधून डार्क वजा झालेले नाहीत.

पुढची पायरी ट्रॅकर. तो ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो आणि महाराष्ट्रात ध्रुवतारा क्षितिजापासून सोळा ते बावीस अंशांवरच असतो. दरीत किंवा डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी जागा घेतली तर तो दिसतच नाही, म्हणून ट्रॅकर असेल तर जागा निवडताना आधी उत्तर बघायची. ५० मिमीला मग ६० सेकंदांच्या फ्रेम घेता येतात, आयएसओ ८०० पर्यंत उतरवता येतं, आणि तासाभराला साठच फाइल होतात.

काम झालं की सिरिलचा प्रोसेस फोल्डर पुसून टाकावा, रॉ फाइल ठेवाव्यात. डार्क, बायस आणि फ्लॅट यांचे तयार झालेले मास्टरही तारखेच्या फोल्डरमध्ये जपावेत. फ्लॅट त्या रात्रीपुरतेच खरे असतात. पुढच्या अमावास्येला त्याच लेन्सने घेतलेल्या तीनशे फ्रेम, आपापल्या फ्लॅटने दुरुस्त करून, या तीनशेंत मिसळता येतात, आणि नॉइज आणखी १.४ पटीने उतरतो.